फायनलचा फॉर्म

आमच्या गावात सातवीचा वर्ग तीनच वर्षं चालला. मी त्यातल्या दुसऱ्या वर्षाची.

गाव कृष्णेच्या काठाला, पलूसपासून चालत दीड-दोन तासांवर. घरटी एक माणूस पलटणीत. लढाई चालू होती आणि पोरांची पत्रं यायची, ती वाचून घ्यायला लोक शाळेत येत. हेडगुरुजी ओट्यावर बसून पत्र वाचायचे आणि म्हातारी माणसं ऐकता ऐकता जमिनीकडे बघत राहायची. चार इयत्ता शिकलेला शिपाईच राहतो आणि सात शिकलेल्याला कारकुनी मिळते, हे गावाला त्या पत्रांतूनच कळलं. मग गावानं अर्ज केले, तालुक्याला खेपा घातल्या, आणि पाचवी, सहावी करत एकदाचा सातवीचा वर्ग मिळाला.

मिळाला तो अटीवर. सातवीच्या शेवटी फायनलची परीक्षा असायची. सगळ्या इलाख्यात एकाच दिवशी, एकच पेपर. तपासणारा कोण, कुठला, कुणाला ठाऊक नसे. फायनल पास झालेल्याला तलाठी होता यायचं, प्राथमिक शाळेत मास्तर होता यायचं. पण त्या परीक्षेत मुलांबरोबर शाळाही बसायची. वरून पत्र आलं होतं की बसलेल्या दर तीन मुलांमागे दोन तरी पास झाली पाहिजेत. दोनदा निकाल त्याच्या खाली गेला तर वर्ग बंद आणि हेडमास्तरांची बदली. ते पत्र गुरुजींनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. खडू काढायला कपाट उघडलं की ते दिसायचं.

पहिल्या वर्षी पाच मुलगे बसले आणि दोन पास झाले.

त्या पावसाळ्यानंतर दिपोटी आले. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. वर्षातून एकदा छकड्यातून यायचे, मुलांना प्रश्न विचारायचे आणि जाताना शेरेबुकात शेरा लिहायचे. त्या वर्षी त्यांनी शेरा लिहिला आणि गावातल्या चार मोठ्या माणसांसमोर तो गुरुजींनाच मोठ्यानं वाचायला लावला. गुरुजी उभे राहिले. पलटणीतलं पत्र वाचायचे तशाच आवाजात त्यांनी वाचलं, "सातवीचा निकाल असमाधानकारक. हेडमास्तरांस समज देण्यात येत आहे." मी सहावीतून नुकतीच सातवीत गेले होते आणि दाराजवळच्या रांगेत बसले होते. त्यांच्या धोतराचा सोगा हलताना मला दिसत होता. वारा नव्हता.

गुरुजी भित्रे होते असं मात्र कुणी म्हणू नये. त्यांना बदलीचीच भीती होती, आणि तिला कारण होतं. आमच्या गावी येण्याआधी ते महाबळेश्वरच्या पायथ्याच्या एका वाडीत पाच वर्षं होते. तिथला पाऊस म्हणजे चार महिने सूर्य दिसायचा नाही. ओढे भरले की वाडी तुटायची. अशाच एका श्रावणात त्यांची दोन वर्षांची मुलगी तापानं फणफणली. ओढा उतरायची वाट बघत ते तीन दिवस काठावर उभे राहिले. ओढा उतरला तोवर मुलगी गेली होती. हे आम्हाला गुरुजींनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोनं माझ्या आईला सांगितलं होतं. आभाळ भरून आलं की त्या बाई घरातली खिडकी लावून घ्यायच्या.

शेरा वाचल्यानंतर गुरुजी बदलले. आधी ते आम्हाला क्षेत्रफळ शिकवायला रानात न्यायचे, दोरी धरून वाफे मोजायला लावायचे. नदीच्या वाळूत काठीनं इलाख्याचा नकाशा काढून आम्हाला त्याच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत उभं करायचे. मी एकदा सबंध तासभर धारवाड होते. ते सगळं बंद झालं. त्यांनी कुठून कुठून मागल्या वर्षांचे पेपर मिळवले आणि सकाळ-संध्याकाळ तेच. कागद मिळत नव्हता म्हणून आम्ही पाटीवर सोडवायचो, पुसायचो, पुन्हा सोडवायचो. गुरुजी पाट्यांवरून नजर फिरवत एकच विचारायचे, "रीत कुठाय?"

सातवीत आम्ही सात जण होतो. पाच मुलगे आणि दोन मुली. एक मी आणि दुसरी ती.

ती आमच्या गावची नव्हती. तिची माणसं पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातली, मेंढरांमागं फिरणारी. दर वर्षी दिवाळीनंतर ही माणसं नदीकाठाला उतरायची आणि शेतकरी खतासाठी आपापल्या रानात त्यांची मेंढरं बसवून घ्यायचे. एका वर्षी तिकडं पाऊसच पडला नाही, तेव्हा तिचे आबा परत गेले नाहीत. माझ्या वडलांनी त्यांना आमच्या उसाच्या रानाच्या कडेला खोप घालू दिली. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. माझ्याबरोबर शाळेला यायला लागली आणि दोन वर्षांत माझ्या बरोबरीला आली. तिच्या आबांनी तिला कधी अडवलं नाही. ते म्हणायचे, "आमची गणती त्वांडानं. कुणीतरी एकानं ती कागदावं लिवाय शिकावं."

ती माझ्या शेजारी बसायची. तिच्या अंगाला लोकरीचा वास यायचा. पहिल्यांदा मला तो नकोसा वाटला, नंतर लक्षातही येईना. तिचे डोळे घारे होते आणि हसताना ती हात तोंडावर धरायची. गणितात तिच्याएवढं तल्लख आमच्यात कुणी नव्हतं, आणि गणितातच ती नापास व्हायची.

एक दिवस आठवतो. गुरुजींनी फळ्यावर उदाहरण घातलं. एक काम आठ माणसं बारा दिवसांत करतात, तर तेच काम सहा माणसं किती दिवसांत करतील. आम्ही पाटीवर त्रैराशिक मांडायला घेतलं. पाटीवर रेघ मारायच्या आत ती म्हणाली, "सोळा."

गुरुजी म्हणाले, "रीत?"

"दोन माणसं गेली न्हवं? त्यांचं बारा-बारा म्हंजी चोवीस दिसांचं काम मागं ऱ्हायलं. ते सहाजणांनी वाटून घेतलं. ज्याच्या त्याच्या वाट्याला चार-चार दीस. बारा नि चार सोळा."

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधीचं, नदीवरचं हसू आलं, आणि लगेच गेलं.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "पण परीक्षेत ही रीत चालायची नाही, पोरी. तपासणारा तुला विचारायला येणार नाही. त्याला पुस्तकातली मांडणी दिसली पाहिजे. नुसत्या उत्तराला तो शून्य देईल."

"माझी रीतच हाय की ही."

"आहे. पण ती कागदावर आणायची कशी, ते तुला येत नाही."

ते खरं होतं. कागदावर उतरवायला गेली की ती गोंधळायची. वरचं खाली लिहायची, गुणायच्या जागी भागायची, मग सगळं पुसून नुसतं उत्तर लिहायची. गुरुजींनी मला तिच्याबरोबर बसायला सांगितलं. रोज शाळा सुटल्यावर आम्ही आमच्या रानातल्या विहिरीवर बसायचो. मी तिला मांडणी शिकवायची आणि ती मला तोंडी हिशोब शिकवायची. मला तिचं बरंचसं आलं. तिलाही माझं थोडं थोडं यायला लागलं होतं. आणखी चार महिने मिळाले असते तर तिला जमलं असतं, असं मला आजही वाटतं. पण तेव्हा मी ते बोलले नाही.

संक्रांतीनंतर गुरुजींनी आमची चाचणी घेतली. अगदी फायनलसारखी, घड्याळ लावून. ती गणितात पडली. बाकी सगळ्या विषयांत ती वर होती, निबंधात तर माझ्याहून वर. दोन मुलगेही काठावर होते. चौघांची गुरुजींना खात्री होती.

फॉर्म भरायची वेळ आली. परीक्षेला कोणाला बसवायचं हे हेडमास्तरच्या हातात असे. निकाल धरायचे ते फॉर्म भरलेल्यांचा. वर्गात किती मुलं होती, हे कोणी विचारत नसे. सात जण बसले तर पाच पास व्हायला हवे होते. सहा बसले तर चार पुरत होते. हे गणित मला तेव्हाच कळत होतं. वर्गातल्या सगळ्यांनाच कळत होतं.

एका दुपारी शाळा सुटल्यावर गुरुजींनी मला थांबवलं. टेबलावर फॉर्मांची चळत होती. वरचे भरलेले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"तू रोज तिच्याबरोबर बसतेस," ते म्हणाले. "खरं सांग. निघेल ती पास होऊन?"

मी हे मनाशी पुन्हा पुन्हा बघितलं आहे. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. गावात एकही मुलगी फायनल पास नव्हती. माझे वडील चावडीवर सांगत फिरत होते की माझी लेक गावातली पहिली होणार. घरी येणारा-जाणारा मला तेच म्हणायचा. आणि ती बसली, पास झाली, तर निबंधात माझ्यावर जाणार हे मला माहीत होतं. पहिली कोण, हा प्रश्न निघणार होता. हे सगळं त्या वेळी माझ्या डोक्यात असं शब्दांत नव्हतं. पण होतं.

मी म्हणाले, "रीत लिहीत नाही ती, गुरुजी."

"ते मला माहीत आहे. निघेल का, एवढं सांग."

"नाही वाटत."

गुरुजींनी मान हलवली. त्यांनी उरलेला एक कोरा फॉर्म उचलला आणि कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिच्या आबांना बोलावणं गेलं. ते घोंगडी खांद्यावर टाकून आले आणि पायरीपाशी उभे राहिले. ती त्यांच्या मागे. गुरुजी म्हणाले, "या वर्षी तिचा फॉर्म भरत नाही. गणित कच्चं आहे. एक वर्ष थांबू दे, पुढच्या वर्षी नक्की भरतो."

"फुडल्या वर्साला आमी हितं आसू का न्हाई, कुनाला ठावं," आबा म्हणाले. "आवं गुरुजी, पोरगी म्हनती समदं येतंय. बसू द्या की. पडली तर पडली."

"पडली तर शाळेवर येतं."

आबांना ते कळलं नाही. त्यांनी मागं वळून तिच्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. ती पुढं आली आणि म्हणाली, "गुरुजी, मी पडले तर मलाच पडली म्हना. शाळंला का धरत्यात?"

"तसं होत नाही, पोरी. निकाल शाळेचा लागतो."

"माझ्या पेपरावं शाळंचं नाव न्हाई लिवलं तर?"

आबांनी दोन्ही हात जोडले, "बरं, तुमी म्हंताय तसं," म्हणाले आणि पायरी उतरले. ती जरा वेळ तिथंच उभी होती. रडली नाही. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, कारण माझा ह्यात काही हात असेल असं तिच्या मनातही आलं नसावं.

परीक्षेला आम्ही सहा जण बैलगाडीतून तालुक्याच्या गावी गेलो. निघालो त्या सकाळी ती रस्त्याच्या कडेला मेंढरं घेऊन उभी होती. गाडीबरोबर ओढ्यापर्यंत चालत आली. चालता चालता मला म्हणाली, "भागाकार उलटा करून बघ. गडबडू नगंस." मी हो म्हटलं.

गणिताच्या पेपरात हौदाचं एक उदाहरण होतं. दोन नळ भरतात, एक रिकामा करतो. मी घाबरले आणि त्रैराशिक उलटं मांडलं. उत्तर काहीतरीच आलं. मग मी डोळे मिटले आणि ते तिच्यासारखं, तोंडी, वाटणी करून सोडवलं. उत्तर हातात आल्यावर त्या उत्तराला जुळेल अशी पुस्तकातली रीत वर लिहून काढली. तपासणाऱ्यानं मला पूर्ण गुण दिले असणार.

निकाल आला. सहापैकी पाच पास. मी शाळेत पहिली, आणि गावातली पहिली फायनल पास मुलगी. वडलांनी गूळ वाटला. तिच्या खोपीवरही दिला. दिपोटी आले आणि त्यांनी शेरेबुकात लिहिलं की हेडमास्तरांचे परिश्रम स्पृहणीय आहेत. तो शेराही गुरुजींनी वाचून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी हिशोब केला होता. ती बसली असती आणि अगदी पडली असती, तरी सातांत पाच होत होते. तरी चाललं असतं. गुरुजींनीही हा हिशोब केला असणार, कारण त्या दिवशी ते जेवायला घरी गेले नाहीत. शाळेतच बसून राहिले.

दिपोटी आले तोवर ती गेली होती. तिकडं वळवाचा चांगला पाऊस झाल्याची बातमी आली आणि आबांनी खोप मोडली. तिचं लग्नही ठरलं होतं, त्यांच्यातल्याच एका मेंढरंवाल्याशी. जाताना ती आमच्या घरी आली. आईनं तिला चोळीचा खण दिला. मी तिला माझी पुस्तकं देऊ केली. ती म्हणाली, "वझं हुईल. गणिताचं तेवढं दे." तिनं ते पदराखाली घेतलं आणि गेली.

मला मास्तरीण व्हायचं होतं, पण नेमणूक यायला वर्ष लागणार होतं. ते वर्ष मी आमच्याच शाळेत लहान मुलांना शिकवायला गुरुजींना मदत करत होते. त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

फॉर्म भरायचे दिवस पुन्हा आले. त्या वर्षी सातवीत सहा मुलगे होते. गुरुजींनी सात फॉर्म भरले. सातवा तिचा. तिचं नाव त्यांनी पटावरून काढलंच नव्हतं. दुसऱ्या शिक्षकांनी त्यांना समजावलं. म्हणाले, "गुरुजी, नसती आफत कशाला? ती बाहेरून बसू दे हवी तर."

"बाहेरून बसायचं तर वय जास्त लागतं. ती शाळेतूनच बसेल."

"आणि आलीच नाही तर? गैरहजर म्हणजे नापासच धरतात."

"माहीत आहे मला," गुरुजी म्हणाले.

मग एका शनिवारी ते निघाले. कधी गाडीतून, कधी पायी, तिच्या मुलखात गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. पायांना फोड आले होते. ती सापडली होती. माळावर मेंढरांच्या वाड्यावर, सासरच्या माणसांत. सासऱ्यानं गुरुजींना दूध दिलं आणि परीक्षेला जायला परवानगी दिली. गुरुजींनी तिच्या हातात नंबराची चिठ्ठी ठेवली. ती काय म्हणाली, असं मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "म्हणाली, येते."

त्या संध्याकाळी मी त्यांना सांगायचं ठरवलं. ते ओट्यावर पाय सोडून बसले होते. मी म्हणाले, "गुरुजी, गेल्या वर्षी तुम्ही मला विचारलं होतं. मी जे सांगितलं ते..."

त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "तू मूल होतीस," ते म्हणाले. "मला माझ्या मनातलं दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून तुला विचारलं. ते पाप माझं. तू त्यात पडू नकोस."

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी गुरुजींबरोबर तालुक्याच्या गावी गेले होते. मुलं आत गेली. गुरुजी फाटकापाशी उभे राहिले, पूर्वेकडच्या रस्त्याकडे तोंड करून. घंटा झाली. पेपर वाटले गेले. आतून एक शिपाई आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचा एक नंबर रिकामा हाय." गुरुजी म्हणाले, "येईल." ऊन डोक्यावर आलं तरी ते तिथून हलले नाहीत. मी त्यांना पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही ते तसेच उभे होते. ती आली नाही.

सहा मुलग्यांपैकी चार पास झाले. सहांत चार पुरले असते. सातांत चार पुरले नाहीत.

वर्ग बंद झाल्याचं पत्र दसऱ्याच्या आत आलं. गावातली काही माणसं गुरुजींवर चिडली. एका परक्या पोरीपायी आमच्या पोरांचा वर्ग घालवला, असं तोंडावर म्हणाली. गुरुजींनी ऐकून घेतलं. त्यांची बदली झाली, ती पुन्हा त्याच पावसाच्या मुलखात, आधीच्या वाडीपासून दोन कोसांवर. सामान गाडीत चढत होतं तेव्हा त्यांच्या बाई माझ्या आईजवळ येऊन बसल्या. आई त्यांचा हात धरून बसली. गुरुजींनी जाताना कपाटाच्या दारावरचं पत्र नखानं खरवडून काढायचा प्रयत्न केला. ते निघालं नाही. अर्धवट फाटलेलं तसंच राहिलं.

त्यांचं मला एक कार्ड आलं. शाळेची मागची भिंत पावसानं बसली, मुलं देवळात बसवतो, सगळी मिळून अकरा आहेत, असं लिहिलं होतं. तिची काही खबर लागली का, असं शेवटी विचारलं होतं. मी उत्तर पाठवलं. नंतर दुसरं कार्ड आलं नाही.

मला सांगलीकडच्या एका गावात मुलींच्या शाळेत नेमणूक मिळाली. देश स्वतंत्र झाला होता. शेरेबुकं, दिपोटी आणि फायनल मात्र तशीच होती. नोकरीच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी एका सकाळी शाळेला निघाले होते आणि रस्ता मेंढरांनी भरलेला होता. बाजूला उभी राहिले. मेंढरांमागून डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई आली. तिच्या कडेवर मूल होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हात तोंडावर धरला.

आम्ही रस्त्याकडेच्या बांधावर बसलो. मूल माझ्या साडीच्या काठाशी खेळत होतं. तिनं माझं सगळं विचारलं. शाळा केवढी, पोरी किती, मारतेस का. मग मी तिला विचारलं, "तू परीक्षेला का आली नाहीस?"

"निगाले हुते की," ती म्हणाली. "सासऱ्यानं भाकरी बांधून दिली हुती. हे पोटात हुतं तवा. सांजंपातूर निम्म्या वाटंला आले. देवळात टेकले. तुजं पुस्तक हुतं संगं, म्हनलं जरा बगावं. उगडलं नि मला कायबी आठवंना. समदी रीत गेलेली, वरसभरात. एक गणित मांडलं, चुकलं. दुसरं मांडलं, ते बी चुकलं."

तिनं मुलाच्या तोंडावरची माशी हाकलली.

"मग मनात आलं, मी पडनार. पडले की गुरुजींच्या शाळंवं यील. गुरुजींनीच सांगितलं हुतं तसं. एवढा लांब चालत आला बिचारा माजा फारम घिऊन, आन मी त्याचाच निकाल पाडू? सकाळ झाली नि मागारी फिरले."

मेंढरं बरीच पुढं गेली होती. तिच्या माणसानं लांबून हाक मारली, तशी ती उठली, मूल कडेवर घेतलं, गाठोडं डोक्यावर चढवायला मी तिला हात दिला.

"लागला न्हवं त्या साली शाळंचा निकाल चांगला?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "चांगला लागला."

"गुरुजी बरं हाईत?"

"बरे आहेत."

तिचं तोंड उजळलं. "मग झालं," ती म्हणाली आणि भराभर पावलं टाकत मेंढरांमागं गेली. मी रस्त्यावर उभी होते. शाळेची घंटा झाल्याचं मला ऐकू आलं आणि त्या दिवशी मी वर्गावर उशिरा पोचले.